रेड वेलचा मुक्कामी पाहुणा

चौकला जुन्या हायवेच्या कडेला जानकीबाई सोनावळ्यांची खानावळ आहे, आणि त्या खानावळीत दोन वर्षं एक परदेशी माणूस मुक्कामाला होता. ब्रॅम टकर त्याचं नाव. उंच, सडसडीत, धुळीनं रंग उडालेली रुंद काठाची टोपी, कमरेला पिस्तूल. त्याचा तांबूस घोडा समोरच्या बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या खांबाला बांधलेला असायचा. हा टकर दिसायचा फक्त जानकीबाईंना. त्यांचे मालक श्रीपत मिस्तरी यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान खानावळीला लागूनच आहे. त्यांना तो कधी दिसला नाही, पण तो आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती, कारण भाताला आधण ठेवता ठेवता बायको बाकाच्या कोपऱ्याकडे बघून हसते, हे ते रोज बघत होते. त्या कोपऱ्यात ती कुणाला बसूही देत नसे.

"गेला का तुजा पाव्हना?" जेवायला आले की मिस्तरी विचारायचे.

"हाय अजून. तुमाला काय तरास देतो का?"

"मला कसला तरास. दोन वर्सं फुकट जेवतोय, यवढंच म्हन्तो."

यात वेडबीड काही नाही. जानकीबाई काउबॉयच्या गोष्टी लिहितात. मराठीत लिहितात, मोबाइलवर, एका बोटानं. वय साठीच्या पुढचं, केस पांढरे, हाताला कायम लसणीचा वास. अशी बाई घोडेस्वार आणि पिस्तुलं लिहिते म्हटल्यावर लोक हसतात. हसणाऱ्यांना हसू द्यावं. उद्या तुम्ही चौकला गेलात आणि त्यांच्या हातची तांदळाची भाकरी खाल्लीत, तर तुमचंही तोंड बंद होईल.

हे खूळ शिरलं कसं, ते सांगतो. कडावची ही मुलगी लग्न होऊन चौकला आली, तेव्हा मुंबई-पुण्याची सगळी वाहतूक खानावळीच्या दारावरून जात होती. घाट चढण्याआधी पाणी भरायला आणि घाट उतरल्यावर तापलेलं इंजिन थंड करायला ट्रक थांबायचे. तोवर ड्रायव्हर जेवायचे, बाजेवर पडायचे आणि खिशातून पुस्तक काढून वाचायचे. एस.टी. स्टँडावरच्या टपरीत मिळणारी, हाताच्या पंजाएवढी, पिवळ्या कागदाची पुस्तकं. वाचून झालं की तिथंच टाकून जायचे. जानकीबाई आमटीला उकळी येईपर्यंत ती वाचायच्या. एका पुस्तकाच्या कव्हरवर घोडा होता, घोड्यावर माणूस होता आणि त्याच्या मागं सपाट माथ्याचा भलामोठा डोंगर होता. त्यांनी मान वर करून बघितलं तर खिडकीत प्रबळगड. तसाच सपाट माथा, तशीच उभी भिंत. त्या दिवसापासून त्यांच्या मनानं घेतलं की या गोष्टी घडतात त्या प्रबळच्या पलीकडच्या अंगाला. पुढं भूगोल कळला, पण मनानं एकदा घेतलेलं भूगोलानं थोडंच जातं.

त्यांना आणखी एक सवय होती. जेवून उठलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला त्या म्हणायच्या, "सावकाश जावा, नि पोचल्यावर सांगा." आता तेव्हा कुठले फोन. पण ड्रायव्हर लोक पुढच्या खेपेला गाडीतून उतरता उतरताच हात वर करून सांगायचे, "पोचलो होतो, ताई." मग बाई हसायच्या आणि ताट वाढायला घ्यायच्या. खोपोलीचा घाट त्या काळी माणसं खायचा. कोण पोचलं, कोण नाही, याची त्यांना मनापासून काळजी वाटायची, आणि ती काळजी त्या वाक्यातून त्या थोडी बाहेर टाकायच्या.

मग नवा रस्ता झाला. चौकची माणसं म्हणाली, नव्याचे नऊ दिवस, टोल भरून रोज कोण जाणार. नऊ दिवस झाले, नऊ महिने झाले, आणि गाड्या काही परत आल्या नाहीत. असतील शिते तर जमतील भुते म्हणतात, पण इथं शितं होती, हंडा भरून होती, भुतंच दुसऱ्या वाटेनं गेली. गॅरेजं बंद झाली, पंप बंद झाला. जुना रस्ता अजून चालू आहे, नाही असं नाही. शनिवार-रविवारी फार्महाउसवाले जातात, मोटारसायकलवाल्या पोरांचे थवे जातात. पण थांबणारे कमी झाले ते झालेच. रात्री वाऱ्याची दिशा बदलली की नव्या रस्त्याची घरघर खानावळीत ऐकू येते.

धंदा बसला याचं जानकीबाईंना दुःख झालंच. त्याहून मोठं दुःख एक होतं, ते त्या कुणाला सांगत नसत. शेवटच्या खेपेला जेवून गेलेले ते सगळे ड्रायव्हर, त्यांना बाईंनी नेहमीसारखं म्हटलं होतं, पोचल्यावर सांगा. पुढची खेप इकडून झालीच नाही. सांगायला कुणी आलं नाही. माणसं सुखरूप असणार, नव्या रस्त्यानं मजेत जात असणार, हे डोक्याला कळत होतं. पण डोकं आणि काळीज यांच्यात बाईंच्या बाबतीत कधीच फारसं बोलणं नसे.

सून आली, स्नेहल, कर्जतला शाळेत शिकवणारी. सासूला जुन्या पुस्तकांचा नाद आहे हे तिनं पहिल्याच महिन्यात ओळखलं, आणि एका रविवारी तिनं मोबाइलवर 'जुनी वाट' हा लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांचा गट उघडून सासूच्या हातात दिला.

ही 'जुनी वाट' चालवतात नाशिकच्या उल्का पेठे. त्या स्वतः लिहितात हरवलेल्या गोष्टींवर: गोटी सोड्याच्या बाटल्या, तंबूतला सिनेमा, रॉकेलचा स्टोव्ह, त्याची पिन. त्यांच्यासारखे आठवणी लिहिणारे पुष्कळजण तिथं आहेत. एकदा त्यांनी एस.टी. स्टँडावरच्या पुस्तकांच्या टपऱ्यांवर लिहिलं आणि खाली एकेक जण बोलू लागला. कुणी म्हणालं, ती घोड्यांची पुस्तकं मी वाचायचो. कुणी म्हणालं, मी तर वहीत लिहायचो, अजून लिहितो, दाखवायला लाज वाटते. उल्काताई म्हणाल्या, लाज बाहेर काढून ठेवा आणि गोष्ट आत आणा. तेव्हापासून तिथं दोन जातीची माणसं गुण्यागोविंदानं राहतात. एकांना सुटलेल्या गावाची ओढ, दुसऱ्यांना कधीच न पाहिलेल्या गावाची. रडतात मात्र दोघं सारखीच.

जानकीबाईंनी पहिला निरोप लिहिला, "सर्वांना जयभीम. मी चौकहून जानकी. मला गोष्ट येते." लिहून पाठवला आणि मोबाइल पालथा ठेवून भाकऱ्या थापायला बसल्या. दुपारच्या आत पंधरावीस जणांचं उत्तर आलं. "जयभीम ताई, या, बसा." कुणी चहाचं चित्र पाठवलं. बाईंनी तो चहा सुनेला दाखवला, मिस्तरींना दाखवला, आणि शेवटी स्वतःसाठी खराखुरा करून घेतला.

गोष्ट अशी होती. ॲरिझोनात रेड वेल नावाचं गाव. जुन्या घोडागाडीच्या रस्त्यावरचं. रेल्वे पलीकडून गेली आणि गाव ओस पडलं. तिथं मार्था नावाची बाई खानावळ चालवते. सकाळी उठून चूल पेटवते आणि रस्त्याकडं बघत बसते. बस, एवढीच. पण त्या रेड वेलमध्ये चार महिने पाऊस पडत होता, खाचरांत भात उभं होतं, बेडूक ओरडत होते, आणि पिस्तूलवाले दारात बूट काढून आत येत होते. एका उंटावरच्या शहाण्यानं लगेच खाली लिहिलं, ॲरिझोनात भात पिकत नाही. उल्काताईंनी त्याला उत्तर दिलं, "इथं पिकतं. तुम्हाला वाढू का?" तो गृहस्थ पुढं रेड वेलचा सगळ्यात मोठा भक्त झाला.

'जुन्या वाटे'वर एक रीत आहे. कुणी नवा लिहिणारा आला, त्यानं आपलं गाव वसवलं, की जुन्यांपैकी एकजण आपला नायक त्या गावात पाहुणा म्हणून धाडतो. याला ते 'घोडा बांधणं' म्हणतात. म्हणजे नव्या माणसाला कळावं, की आपल्या गावाकडं येणारा रस्ता आहे, आणि त्यावरून कुणी येतं. जानकीबाईंच्या गावात घोडा बांधला तो अनपटकाकांनी. करमाळ्याचे दिगंबर अनपट, जन्मभर एस.टी.त कंडक्टर, सगळ्यांत वयस्कर. त्यांचा ब्रॅम टकर चाळीसेक वर्षं भटकत होता. काका कागदावर लिहीत आणि मुलगी वत्सला टाइप करून टाकी. त्यांनी लिहिलं, "टकर रेड वेलला पोचला तेव्हा दुपार टळली होती. त्यानं घोड्यासाठी पाणी मागितलं. स्वतःसाठी काही मागितलं नाही."

हे वाचून जानकीबाई पदर डोळ्यांना लावून बसल्या. रस्त्यावरून कुणीतरी आलं होतं. किती वर्षांनी आलं होतं. त्यांनी त्याच बैठकीला पुढचं लिहिलं, की मार्था बाहेर आली, घोड्याला पाणी दाखवलं आणि म्हणाली, "जेवून जा."

टकर जेवला. मग त्यानं बघितलं की विहिरीचा रहाट करकरतोय, तो त्यानं नीट केला. रात्र झाली म्हणून राहिला. सकाळी कुंपण पडलेलं दिसलं. मग भात लावायचे दिवस आले, एकट्या बाईला कसं सोडून जायचं. मग कापणी. मग छप्पर. टकरनं दोन वर्षांत रेड वेलमधलं सगळं दुरुस्त केलं. वाचणारे खुशीत होते. अनपटकाका प्रत्येक गोष्टीखाली एक ओळ लिहायचे, "छान. त्याला ताक देत जा." पुढं पुढं ती ओळ येईनाशी झाली. जानकीबाईंना वाटलं, काका कामात असतील.

पौष लागला, थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या. उल्काताईंनी टूम काढली, की खरंखुरं रेड वेल बघायला चौकलाच जायचं. दहाबारा जण कर्जतला उतरले आणि टेंपो करून आले. जानकीबाईंनी पोपटीचा बेत केला होता. खानावळीमागच्या मोकळ्या शेतात मडकं आणलं, आत भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वर पुन्हा पाला. मडकं पालथं घातलं आणि भोवती पेंढा पेटवला. दिवस मावळत होता, प्रबळगडाची भिंत तांबडी झाली होती. ती मंडळी जाळाभोवती घोंगडी पांघरून बसली. गोष्टींत हजारदा लिहिलेली शेकोटी त्यांना आज पहिल्यांदा ऊब देत होती, त्यामुळं कुणाला फारसं बोलवेना. मिस्तरींनी मडकं सरळ करून पाला काढला, तेव्हा जो वास सुटला त्यानं मात्र सगळ्यांची समाधी मोडली.

खाता खाता तो भाताची शंका काढणारा भक्त म्हणाला, "काही म्हणा, जानकीबाई, टकरनं 'जुन्या वाटे'चा विक्रम केला. बाकी सगळे पाहुणे त्याच गोष्टीच्या शेवटी जातात. हा एकटाच राहिला."

जानकीबाईंचा शेंग सोलणारा हात थांबला. "म्हंजे, जायाचं असतं?"

नियम कुठं लिहिलेला नव्हता. पाहुणा पहिल्या गोष्टीच्या शेवटी आपल्या मूळ लिहिणाऱ्याकडं परत जातो, हे सगळ्यांना इतकं उघड वाटत होतं की कुणी कुणाला कधी सांगितलंच नव्हतं. आणि जानकीबाईंना कडावच्या आईनं दुसरंच शिकवलं होतं, की पाव्हन्याला पाणी विचारावं, जेवण विचारावं, कधी जाणार हे मात्र विचारू नये. दोन वर्षं त्या मुकाट्यानं आईचं ऐकत होत्या.

हात धुवायला म्हणून उल्काताई त्यांच्याबरोबर मोरीकडं आल्या. "मनाला लावून घेऊ नका. काकांनीच आम्हाला सांगितलं होतं, कुणी काही बोलायचं नाही. म्हणाले, जेवत्या माणसाला ताटावरून कुणी उठवतं का?"

"मग काका लिवत्यात कुनावर?"

उल्काताईंनी नळ बंद केला. "लिहीत नाहीत. टकरशिवाय त्यांना दुसरं कुणी सुचत नाही. आणि गेल्या पावसाळ्यात त्यांना झटका आला. बोलणं जड झालंय. एकच गोष्ट राहिली म्हणतात. टकर आपल्या म्हाताऱ्या आईकडं घरी जातो, ती. इतकी वर्षं मागं ठेवलेली. वत्सला कागद घेऊन बसते, तर म्हणतात, टकर आला की लिहू."

मंडळी पोटभर खाऊन, मिस्तरींच्या दुकानातल्या भात्यासमोर फोटो काढून, हसत गेली. जानकीबाई टेंपोच्या मागच्या दिव्याकडं बघत उभ्या राहिल्या. म्हणजे आपण काय केलं होतं? एका म्हाताऱ्याचं पोर आपल्या दारात बांधून ठेवलं होतं, आणि वर त्याला ताक पाजत होतो. तिकडं एक आई दाराकडं डोळे लावून बसली होती. कागदावरची असली म्हणून काय झालं, बसली तर होती ना. आणि काका आता थांबू शकणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी टकरला निरोप द्यायचा म्हणून त्या लिहायला बसल्या. जमेना. मार्था शिदोरी बांधायला घेई आणि तेवढ्यात रेड वेलच्या कुठल्या तरी म्हशीला वेणा लागत. पुन्हा लिहिलं, तर टकर घोड्यावर बसला आणि घोडाच लंगडायला लागला. एकदा तर पूर आला. जानकीबाईंना स्वतःचाच राग आला. राग यावा असंच होतं ते. पण टकर गेला की बाकाचा कोपरा रिकामा होणार होता, आणि रस्त्यानं गेलेली माणसं परत काही सांगत नाहीत हे त्यांनी एकदा पाहिलं होतं. पुन्हा बघायची छाती नव्हती.

चारपाच दिवस आमटी खारट होत राहिली. शेवटी मिस्तरींनी ताट सरकवून विचारलं, "काय झालंय गं?"

बाईंनी सांगितलं. सगळं सांगितलं, ड्रायव्हरांचंही. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, पण हे मिस्तरी पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. हाताला लागलेला कथलाचा डाग नखानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "गाडी दुकानात येती. आमी काम करतो. काम झालं की गिऱ्हाइकाला सांगावं लागतं, गाडी तयार हाय. नाय सांगितलं तर तो बिचारा बाकड्यावर बसून ऱ्हातो. त्याला वाटतं, अजून काम चालू हाय. उठून कसं जायाचं."

"मग?"

"मग काय. तू त्याला सांगितलंच नाय, की झालं सगळं. तुज्या विहिरीचा रहाट झाला, छप्पर झालं. सांग त्याला." ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आनि घोड्याचे नाल बघून घे. लांबचा पल्ला हाय."

दोन वर्षं पाहुण्याच्या नावानं बोटं मोडणाऱ्या माणसाला घोड्याच्या नालांची काळजी होती. जानकीबाईंना हसू आलं.

त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पंपाच्या खांबापाशी ऊन पडलं होतं आणि उन्हात तांबूस घोडा शेपटीनं माश्या वारत उभा होता. बाईंनी मोबाइल घेतला. रेड वेलमध्ये मार्था पहाटे उठली. तिनं स्वतःच्या हातानं खोगीर बाहेर काढलं, घोड्याचा एकेक पाय उचलून नाल बघितले, एक ढिला होता तो ठोकून घेतला. तांदळाच्या भाकरी केल्या, सुकटीची चटणी केली, दोन कांदे घातले आणि फडक्यात बांधलं. टकर उठून बाहेर आला आणि खोगीर बघून उभा राहिला. त्यानं विचारलं, "अजून काही राहिलंय का?" मार्थानं सगळीकडं बघितलं. रहाट, कुंपण, छप्पर, भाताची कणगी. ती म्हणाली, "नाही. झालं सगळं. तुझी आई वाट बघत असेल." त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. घोडा वळला. तेव्हा मार्थाला राहवलं नाही. ती रस्त्यापर्यंत धावत गेली आणि म्हणाली, "सावकाश जा. आणि पोचल्यावर कळव."

पाठवून दिलं. 'जुन्या वाटे'वर त्या दिवशी काहींनी नुसते हात जोडले. एकानं चेष्टेनं विचारलं, रेड वेलमध्ये तारघर नाही, टकर कळवणार कसा? उल्काताईंनी त्याला गप्प बसवलं.

पुढचे दिवस वाईट गेले. पंपाचा खांब रिकामा दिसे. करमाळ्याहून शब्द नाही. वत्सलाचा फोन लागत नव्हता. जानकीबाईंच्या मनात नको ते येई. उशीर झाला असला तर? टकर निघाला खरा, पण तिकडं घराचं दार उघडणारंच कुणी उरलं नसलं तर? मग तो कुठल्या रस्त्यावर राहील? मिस्तरी जेवायला आले की आता दुसरंच विचारू लागले, "आला का निरोप?" बाई नुसती मान हलवायच्या. दोघंही मग खाली बघून जेवायची.

एका सकाळी त्या वाल सोलत बसल्या होत्या आणि मोबाइल वाजला. वत्सलानं आवाज पाठवला होता. आधी ती स्वतः बोलली. काका दवाखान्यात होते, आता घरी आणलंय, त्यांनी गोष्ट सांगून लिहून घेतली, रोज दोनदोन ओळी. कागद पाठवतेच आहे, पण एवढं स्वतःच्या तोंडानं सांगायचं असा त्यांचा हट्ट आहे. मग खुरखुर झाली, आणि एक थकलेला, जड आवाज आला. शब्दाशब्दाला थांबत होता.

"जानकीबाई. टकर पोचला हो."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"आई जागी होती. एक भाकरी उरली होती. ती तिनं खाल्ली. म्हणाली, कुणी केली, हात चांगला आहे." पुन्हा श्वास. "तुम्ही म्हणाला होतात, कळव. म्हणून."

जानकीबाईंच्या मांडीवरचं सूप खाली घसरलं आणि वाल अंगणभर झाले. त्यांनी ते उचलले नाहीत. रस्त्याकडं बघत त्या रडल्या, मोठ्यानं रडल्या, आणि रडताना त्यांना वाटलं, की एकटा टकर नाही, सगळेच पोचले. तो दाढीवाला, तो गाणी म्हणणारा, तो मुलीच्या लग्नाचे लाडू घेऊन येतो म्हणालेला, घाट चढून गेलेले सगळे आपापल्या घरी पोचले, आणि आज त्यांच्या वतीनं एकानं सांगितलं.

शेजारच्या दुकानात भात्याचा आवाज थांबला. मिस्तरी दारात येऊन उभे राहिले.

"अवो, पोचला," जानकीबाई म्हणाल्या.

"नि घोडा?"

"घोडा बी."

"मंग बरं झालं."

त्यांनी हात पुसले, खाली बसून सांडलेले वाल सुपात भरले. मग ते आत आले, बाकाच्या त्या कोपऱ्यात बसले आणि म्हणाले, "वाढ गं. भूक लागलीय."

बाईंनी डोळे पुसले आणि ताट घेतलं.